कानामागची काजळी

माझ्या उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथे, तुरीच्या डाळीएवढा काळा डाग आहे. लहानपणी आंघोळ घालताना माय तो अंगठ्याने खसखसून चोळायची आणि जात नाही असं दिसलं की समाधानाने डोक्यावर पाणी ओतायची. बाकीच्या पोरांच्या आया मळ निघाला की खूश व्हायच्या. माझी माय डाग निघाला नाही म्हणून खूश व्हायची. मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. ज्याच्या घरात जे चालतं तेच त्याला जगाची रीत वाटते.

आम्ही कोसाडला राहत होतो. अमरोलीकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती आणि तीत बहुतेक सगळी खान्देशातून आलेली माणसं होती. कोणी मागावर, कोणी साड्यांच्या प्रिंटिंगमध्ये. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डर होते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि भांडायला हिंदी, असा आमचा कारभार होता. घरात माणसं चार. आबा, माय, मी आणि माझ्या पाठची बहीण.

खरं तर पाच म्हणायला हवं होतं. पण ते कोणी म्हणत नव्हतं.

माझ्याआधी मायला एक मुलगा झाला होता. सुरतेच्या सरकारी दवाखान्यात झाला, त्यामुळे त्याच्या जन्माचा रीतसर दाखला मिळाला. आबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची फुई, तेव्हा त्याच दवाखान्यात नर्स होती. तिनेच त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. तो रांगायला लागला तेव्हा फुई लग्न करून अमेरिकेला गेली. तिकडे नर्सांना मागणी होती आणि फुईला इथल्यापेक्षा कुठलीही जागा चालणार होती. जाण्याआधी तिने भाच्याला मांडीवर घेऊन स्टुडिओत फोटो काढला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय मुलाला घेऊन गावी गेली. तिथे त्याला ताप आला आणि दवाखान्याच्या गावाला बैलगाडी पोचायच्या आत तो गेला.

आमच्याकडे तान्हं मूल गेलं की जाळत नाहीत, पुरतात. आणि आमच्या गावात, निदान आमच्या भावकीत, एक रीत होती. पुरण्याआधी सुईण चुलीच्या तव्याची काजळी अंगठ्यावर घेऊन मुलाच्या अंगावर कुठेतरी टेकवायची. परत आलं तर ओळखू यावं म्हणून. सुईणीने त्याच्या उजव्या कानामागे अंगठा टेकवला आणि नाल्याकाठच्या बोरीखाली त्याला ठेवून सगळे घरी आले.

पुढे मी झालो तो गावीच, त्याला ताप आला होता त्याच खोलीत, त्याच सुईणीच्या हातावर. असं सांगतात की नाळ कापायच्या आधी तिने माझा कान उलटा करून पाहिला. मग मायला म्हणाली, "उना वं, तुना पोऱ्या परत उना." आला गं, तुझा पोरगा परत आला.

झालं. माझं बारसं झालं नाही. कशाला करायचं? नाव होतंच. झबलीही होती. पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा सोडलेल्या नव्हत्या. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आबांनी पेटीत होता तो जन्माचा दाखला काढला आणि मास्तरांपुढे ठेवला. मास्तर म्हणाले, वयाच्या मानाने पोरगं बारीक दिसतंय. आबा म्हणाले, खातच नाही. यात लबाडी नव्हती. घरातल्या कोणालाही आपण खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. पोरगा एकच होता, मध्ये जरा गावी राहून आला होता.

हे सगळं मला कोणी कधी बसवून सांगितलं नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल यावी तसं ते हळूहळू आत आलं. माय मध्येच म्हणायची, "तू आठे पडना व्हता, याद शे का?" इथे पडला होतास, आठवतं का? आणि मी त्या पायरीकडे बघत हो म्हणायचो. ती पायरी माझ्या जन्माआधीच फुटून गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. मी हट्ट केला की ती शेजारणीला म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची तर मेल्यावरही गेली नाही. शेजारीण हसायची. मीही हसायचो.

फोटो आमच्या खोलीत देवांच्या शेजारी लावलेला होता. फुईच्या मांडीवर एक गुबगुबीत मूल, डोळे मोठे. येणाऱ्या-जाणाऱ्याला माय सांगायची की हा हाच. मी त्या मुलाकडे खूप वेळ बघायचो. तो कधीच माझ्याकडे बघत नसे, फोटोवाल्याकडे बघायचा. त्याच्या हातात लाकडाची एक बाहुली होती आणि ती बाहुली आमच्या घरात कुठेच नव्हती. मी ती शोधायचो. माझी आहे तर सापडायला हवी, असा माझा सरळ हिशेब होता.

गावी गेलो की नाल्याकाठी जायला मला बंदी होती. बाकीची पोरं तिकडे बोरं वेचायला जायची. एकदा मी मायला विचारलं, तिथे का जायचं नाही? ती म्हणाली, नाही म्हणजे नाही. मग मी विचारलं, "मी आठे शे, मग तठे कोन शे?"

"तठे कोनी नही," माय म्हणाली. आणि तिने मला असं जवळ ओढलं की खांदा दुखला.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला दागिने घालून, डोळे लावून देवी मांडतात. तिच्यासाठी रोट करतात, गव्हाच्या पिठाचे. त्या रोटांचे गहू असेच डब्यातून ओतून घ्यायचे नसतात. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. आणि तो रोट घरच्याच माणसांनी खायचा. पाहुणा कितीही जवळचा असला तरी त्याला द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या नावाची मूठही बंद होते. त्यामुळे फुईच्या नावाची मूठ आमच्याकडे कधी निघाली नाही. माय चार नावं घ्यायची, चार वेळा मूठ टाकायची. माझं नाव घेताना तिची मूठ मला जरा मोठी वाटायची. मी लाडका आहे असं मी धरून चाललो होतो.

आमच्या देवीच्या हिशेबात फुई नव्हती, पण फुईच्या हिशेबात आम्ही सगळे होतो. ती तिकडची नागरिक झाल्याबरोबर तिने सख्ख्या भावासाठी अर्ज केला. भाऊ, त्याची बायको आणि एकवीसच्या आतली मुलं. मी तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. माझी जन्मतारीख तिला कोणाला विचारावी लागली नाही. ती स्वतः हजर होती ना त्या दिवशी. तिने तिच्या भाच्याची तारीख लिहिली.

फुईला कोणी कळवलंच नव्हतं. आधी म्हणाले, परक्या मुलखात एकटी आहे, आत्ताच नको. मग मी झालो आणि कळवण्यासारखं काही उरलं नाही.

अर्ज गेला आणि मग वाट बघणं सुरू झालं. भावाबहिणीच्या अर्जाला फार वर्षं लागतात. आमच्या गल्लीत आम्हाला 'अमेरिकावाले' असं नाव पडलं आणि अमेरिकेचा पत्ता नव्हता. पत्रा गळायला लागला की माय म्हणायची, नवा कशाला, आता जायचंच आहे. नव्या पत्र्याशिवाय आम्ही किती पावसाळे काढले ते विचारू नका. बहिणीला मात्र अमेरिकेची सगळी माहिती होती. तिथे धूळ नसते, असं ती छातीठोक सांगायची.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे मायचं मन कळेल. गल्लीतली माणसं गाठोडी बांधून भुसावळकडच्या गाडीला लटकली. माग बंद पडले. कोसाड-अमरोलीकडे रात्रंदिवस मागांची खडखड असायची, ती थांबल्यावर कान दुखायला लागले. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आम्ही राहिलो, कारण अमेरिकेचं टपाल आलं आणि दाराला कुलूप असलं तर काय, ही मायची धास्ती. तिने बहिणीच्या तोंडाला रुमाल बांधला, तिला टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घातल्या, उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नाही. पाणी आणायला, दूध शोधायला मला पाठवायची. गोळी नाही, रुमाल नाही. आबा म्हणाले, अगं त्यालाही दे.

"त्याले काय व्हस?" माय म्हणाली. "तो एकदाव जाई येल शे."

एकदा जाऊन आलाय. मी रिकाम्या गल्लीतून कळशी घेऊन चाललो होतो. दोन्ही बाजूंना कुलपं. मला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. माझ्या पावलांचा आवाज होत होता आणि तो एकाच माणसाचा आहे का, हे मी कान देऊन ऐकत होतो.

शेवटी शहाण्णवमध्ये आमचा नंबर आला. मुंबईला मुलाखतीला बोलावतील, तयारी ठेवा, असं फुईने कळवलं. एका सकाळी आम्ही सगळे अमरोलीच्या एसटीडी बूथमध्ये तिच्या फोनसाठी जाऊन बसलो. आबांनी रिसीव्हर धरला, मी कान लावून उभा. फुई रडत होती. तिने तिकडच्या वकिलाला विचारलं होतं. आम्ही तिघं येऊ शकत होतो, मी नाही. मी एकवीसचा झालो होतो. नंबर यायच्या थोडे महिने आधी झालो होतो. आता मला मागे राहावं लागणार होतं, आणि आबा तिकडे गेल्यावर नव्याने अर्ज करणार, मग पुन्हा वर्षानुवर्षं वाट.

"एवढासा होता रे माझ्या मांडीवर," फुई म्हणाली.

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं. म्हणाले, अगं, तो एकवीसचा नाही. अठराचा आहे. तुझ्या मांडीवरचा तेव्हाच गेला.

बूथवाला घड्याळाकडे बघत होता.

"मग हाऊ कोन शे?" फुईने विचारलं.

हा कोण आहे? तो प्रश्न माझ्या कानात शिरला आणि तिथेच बसला. आबांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी बाहेर येऊन उसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. माय बाकावर बसून होती. तिने आबांचं बोलणं ऐकलं होतं. ती पदराचं टोक दातात धरून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

फुई नर्स होती, तिचं रडणं आटोपशीर असायचं. दुसऱ्या फोनला तिने काय काय करायचं ते सांगितलं. पहिला मुलगा गेला याचा गावातून दाखला आणा. सुईणीचं प्रतिज्ञापत्र करा. पोराच्या हाडांची तपासणी करून वय काढा. आणि मुलाखतीत बाईमाणसाला विचारतील, तेव्हा वहिनीने नीट सांगितलं पाहिजे की मुलं तीन झाली, पहिलं वारलं. एवढं झालं की पोरगा तुमच्याबरोबर येईल. खरं तेच सांगायचंय, फुई म्हणाली, यात अवघड काय आहे?

अवघड काय होतं ते मायच्या तोंडाकडे बघितलं की कळत होतं.

"जित्ता पोऱ्याले मरी गया म्हनी लिखी देऊ?" तिने एकदाच विचारलं. त्यानंतर त्या विषयावर तिने तोंडाला कुलूप लावलं. ती भाकऱ्या थापायची, बहिणीची वेणी घालायची, माझ्याशीही नेहमीसारखी बोलायची. आबा चिडायचे, समजवायचे, पुन्हा चिडायचे. मला जायचं होतं. फार जायचं होतं. त्या पत्र्याखाली मला एकट्याला राहायचं नव्हतं. पण माय, मी तो नाही, हे वाक्य मला काही केल्या म्हणता येईना. कारण ते खरं आहे का, याची मला खात्री नव्हती.

आबा आणि मी गावी गेलो. माय आली नाही. आबा मला सरळ नाल्यावर घेऊन गेले. बोर होतीच, वाकडी झालेली. खाली पाच-सहा धोंडे होते, पावसाने अर्धे मातीत गेलेले. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. आपल्या नावाची हाक ऐकू यावी, मागे वळावं आणि हाक मारणारा दुसऱ्याशीच बोलत असावा, तसं मला झालं. लहानपणी मायला विचारलेला प्रश्न मी आबांना विचारला. इथे कोण आहे?

"मना मोठा पोऱ्या," माझा मोठा पोरगा, आबा म्हणाले, आणि तिथेच बांधावर बसून रडले. वेल्डिंगने लाल झालेल्या त्यांच्या डोळ्यांतून मी पाणी आलेलं पाहिलं होतं, पण ते ठिणग्यांचं. हे निराळं होतं. मला कोणाला धीर द्यायचा ते कळेना. मी एक धोंडा नीट बसवला आणि हात झटकले.

सुईण अजून होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, अंगणातल्या बाजेवर मुटकुळं करून बसली होती. आबांनी सगळं सांगितलं. तिने मला जवळ बोलावलं आणि माझा कान चाचपला. अंगठा बरोबर जाग्यावर गेला, शोधावं लागलं नाही.

"हाई मीच करेल शे," ती म्हणाली. हे मीच केलंय.

आबांनी शाईचा पॅड पुढे धरला. तिने अंगठा शाईत बुडवला आणि पहिल्या पोराच्या मरणाचा तिचा जबाब लिहून तयार होता, त्यावर उमटवला. मग तो काळा अंगठा पुसायच्या आधी तिने पुन्हा एकदा माझ्या कानामागे टेकवला. सवयीने म्हणा, नाहीतर तिचं तिला ठाऊक. मी दचकून मागे सरलो. ती दात नसलेल्या तोंडाने हसली आणि म्हणाली, आता पाणी पिऊन जा.

कोसाडला पोचलो तेव्हा दुपार होती. मायने मला ताट वाढलं आणि शेजारी बसली. खाताना तिचा हात माझ्या कानामागे गेला, तो नेहमी जायचाच. तिने अंगठा चोळला. चोळता चोळता थांबली. हात पुढे घेऊन बघितला तर अंगठ्याला काळं लागलं होतं.

इतक्या वर्षांत जे कधी गेलं नव्हतं ते तिच्या बोटावर आलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी घाईने म्हणालो, माय, शाई आहे ती, सुईणीच्या अंगठ्याची.

"माले माहीत शे," माय म्हणाली. पण ती अंगठ्याकडे बघतच राहिली, आणि संध्याकाळी भांडी घासतानाही तिने तो अंगठा राखेत बुडवला नाही.

त्यानंतर हाडांची तपासणी झाली. मनगटाचे, कोपराचे, कमरेचे फोटो काढून डॉक्टरांनी वय अठराच्या आसपास लिहिलं. आबांनी मायला ते उत्साहाने सांगितलं. त्यांना वाटलं, आता तरी पटेल.

"मझारला वरीस हाडकं माटीमा व्हतात," माय शांतपणे म्हणाली. "तितला कमी भरतीन."

मधली वर्षं हाडं मातीत होती, तेवढी कमी भरणारच. आबांनी कपाळाला हात लावला. बहीण म्हणाली, बरोबर आहे की. ती अकरावीला सायन्सला होती.

वकिलाच्या सांगण्यावरून रक्तही तपासलं. मी आबांचा आणि मायचाच आहे, असं रक्ताने सांगितलं. पण रक्ताला कोणाचा तेवढं कळतं, कितवा ते कळत नाही. ते फक्त मायच सांगू शकत होती.

मुंबईला जाताना गाडीत मायने दशम्या बांधून आणल्या होत्या, त्या तिने सगळ्यांना वाढल्या. ती मुलाखतीत काय सांगणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिने दोन म्हटलं की मी संपलो. प्रतिज्ञापत्र खोटं, दाखला खोटा, आणि मी एकवीस ओलांडलेला, कोसाडच्या खोलीत एकटा. आबा खिडकीबाहेर बघत होते. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनातून तिचा राग राग करत होतो. त्याच वेळी वाटत होतं, तिने दोनच म्हणावं. मला तिने त्या धोंड्यांखालून इतकं ओढून घरी आणलंय, ते आता सोडू नये.

वकिलातीत काचेपलीकडे एक गोरी बाई होती आणि तिच्या शेजारी मराठी समजणारी दुभाषी. आम्हा सगळ्यांना उजवा हात वर करायला लावलं. आबांना विचारलं, मला विचारलं. कागद उलटेपालटे झाले. मग दुभाष्या बाईने मायला पुढे बोलावलं. माय उंचीला कमी, काचेखालच्या फटीपर्यंत तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

"तुम्हाला किती मुलं झाली?"

माय वळली. तिने माझ्याकडे बघितलं. कान, केस, गळा, सगळीकडे बघितलं, बाजारात हरवलेलं पोर पोलिसांनी समोर आणून उभं केल्यावर बघतात तसं. तिने हात उचलला. मला वाटलं ती डाग चाचपणार. तो तिने तसाच खाली घेतला.

मग ती काचेकडे तोंड करून बोलली. अहिराणीत नाही. शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत, जी मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. तो आवाजही तिचा वाटत नव्हता.

"मला तीन मुलं झाली. पहिला मुलगा वारला."

दुभाष्या बाईने विचारलं, तो कसा गेला? मायने सांगितलं. ताप कसा आला, गाडी कुठे अडली, कोणतं झबलं घातलं होतं, खड्डा कोणी खणला. हे तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. आबासुद्धा तेव्हा सुरतेत कामावर होते, त्यांनी ते तिथे उभं राहून पहिल्यांदा ऐकलं. काचेपलीकडची बाई लिहायची थांबली.

"आणि हा?" दुभाष्या बाईने माझ्याकडे बोट केलं.

"हा दुसरा," माय म्हणाली.

बाहेर आलो. आमचं काम झालं होतं. बहीण तर उड्या मारत होती. मला मात्र रस्ता ओलांडताना उगाचच डावीकडे-उजवीकडे कोणीतरी नसल्यासारखं वाटत होतं. मी जन्मल्यापासून कधी एकटा नव्हतो, आणि हे मला तो गेल्यावर कळलं. मुंबईत आम्ही उतरलो होतो त्या नातेवाइकांच्या घरी पोचल्याबरोबर माय न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून थंड पाणी घेतलं. घरात मरण झाल्यावर घेतात तसं. तिथून दहा दिवस तिने सुतक पाळलं, देवाला दिवा लावला नाही. त्या दिवसांत तिने माझ्या कानाला हात लावला नाही. त्यानंतर कधीच लावला नाही. चहा देताना ती मला विचारायची, साखर पुरे का? अठरा वर्षं माझ्या चहात साखर घालणारी बाई. मला ते सहन व्हायचं नाही. मी रागाने कप तसाच ठेवून बाहेर जायचो.

कागद मंजूर होऊन आले आणि निघायच्या आधी कानबाई आली. सुरतेतली आमची शेवटची. गल्लीत सगळीकडे गाणी चालू होती. माय सूप घेऊन बसली आणि नावं घ्यायला लागली. आबांचं घेतलं, मूठ टाकली. स्वतःचं, मूठ टाकली. माझं नाव घेतलं आणि मूठ टाकली. ती मूठ लहान होती, बाकीच्यांसारखी. मी बघत होतो.

मग तिने पुन्हा तेच नाव घेतलं आणि पुन्हा मूठ टाकली. नंतर बहिणीचं.

गहू पाच जणांचे झाले. आबा उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आत आले.

नैवेद्य झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. रोट बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही, घरातच संपवावा लागतो. मायने माझ्या ताटात माझा रोट ठेवला. मग दुसरा घेऊन माझ्यासमोर बसली. बराच वेळ तो तिच्या हातात होता. तिने तो मधोमध मोडला, अर्धा स्वतः घेतला आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला.

"तुना भाऊना शे," ती म्हणाली. "खाय ले."

माझा भाऊ. हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. मी तो तुकडा तोंडात घातला. रोट कोरडा असतो. मला जोराचा ठसका लागला. साधा ठसका, असे मला शंभर वेळा लागले असतील आणि माय चुलीवरून वळूनही बघत नसे. यावेळी ती ताट ओलांडून आली. एका हाताने पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला, दुसऱ्या हाताने पाठ धरली. तिचे डोळे फाटले होते. प्लेगातही घाबरली नव्हती तशी ती माझ्यासाठी घाबरली होती.

"हयू हयू खाय," ती म्हणाली. हळूहळू खा. पाठीवरचा हात मी खाऊन होईपर्यंत तिने काढला नाही.